गाण्याने भीती मोडली, खुर्ची का हलली नाही? युगांडातील बॉबी वाइन यांच्या लढ्याचा अर्थ

पूर्व आफ्रिकेतील युगांडा या देशात १५ जानेवारी २०२६ रोजी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि दोन दिवसांनी निकाल जाहीर झाला. योवेरी मुसेवेनी यांना ७१ टक्क्यांहून अधिक मते मिळाल्याचे निवडणूक आयोगाने सांगितले. त्यांचे मुख्य प्रतिस्पर्धी, गायक बॉबी वाइन यांना २५ टक्क्यांच्या आत मते दाखवण्यात आली. मतदानाच्या आधीच देशातील इंटरनेट बंद करण्यात आले होते. बॉबी वाइन यांनी निकाल नाकारला आणि आपल्या घरावर सुरक्षा दलांनी छापा टाकल्याचे सांगून ते भूमिगत झाले. मुसेवेनी यांची ही सातवी निवडणूक आणि सातवा विजय. निवडणुकीच्या वेळी त्यांचे वय ८१ वर्षे होते. २६ जानेवारी २०२६ रोजी त्यांच्या सत्तेला ४० वर्षे पूर्ण झाली.

आपल्याकडे या निवडणुकीची फारशी चर्चा झाली नाही. युगांडा म्हटले की आपल्याला इदी अमीन आठवतो आणि १९७२ साली त्याने हाकललेले भारतीय वंशाचे व्यापारी आठवतात. पण आंबेडकरी चळवळीत वाढलेल्या माणसाने ही बातमी नीट वाचावी असे तिच्यात बरेच काही आहे. झोपडपट्टीत वाढलेला एक गायक, त्याच्या गाण्यांवर जमणारी गरीब तरुण पोरे, समोर लष्कराच्या जोरावर बसलेला राज्यकर्ता, आणि या सगळ्यात संविधानाचे झालेले हाल. हे चित्र आपल्याला परके नाही. गाण्यामुळे माणसे उभी राहतात हे आपण जाणतो. माणसे उभी राहूनही सत्ता का हलत नाही, या प्रश्नाकडे मात्र आपण तेवढ्या बारकाईने पाहत नाही. युगांडाचे उदाहरण त्यासाठी उपयोगी आहे.

वस्तीचा राष्ट्राध्यक्ष

बॉबी वाइन यांचे खरे नाव रॉबर्ट क्यागुलानी सेंतामू. जन्म १९८२ चा. राजधानी कंपालामधील कामवोक्या या झोपडपट्टीत ते वाढले. पुढे मेकेरेरे विद्यापीठात त्यांनी संगीत, नृत्य आणि नाट्य या विषयांचे शिक्षण घेतले. याच कामवोक्यात त्यांनी 'फायरबेस' नावाचा स्टुडिओ उभारला. रेगे आणि डान्सहॉल या संगीतप्रकारांत लुगांडा आणि इंग्रजी भाषा मिसळून ते गाऊ लागले. सुरुवातीची गाणी प्रेमाची, मौजमजेची होती. हळूहळू त्यांत वस्तीतली घाण, पोलिसांचा त्रास, फेरीवाल्यांची हकालपट्टी आणि सरकारी रुग्णालयांची दुरवस्था येऊ लागली. लोक त्यांना 'गेटो प्रेसिडेंट' म्हणजे वस्तीचा राष्ट्राध्यक्ष म्हणू लागले.

२०१६ च्या निवडणुकीआधी युगांडातील अनेक नामवंत गायकांनी एकत्र येऊन मुसेवेनी यांच्या प्रचारासाठी 'तुबोंगा नावे' हे गाणे केले. बॉबी वाइन त्यात नव्हते. पुढच्याच वर्षी कंपालाजवळच्या क्यादोंदो पूर्व मतदारसंघात पोटनिवडणूक लागली आणि ते अपक्ष उभे राहिले. संसद वस्तीपर्यंत येत नसेल तर वस्तीच संसदेत जाईल, अशी त्यांची भूमिका होती. त्यांना २५ हजारांहून अधिक मते मिळाली. सत्ताधारी पक्षाच्या उमेदवाराला पाच हजारसुद्धा मिळाली नाहीत.

या विजयामागे लोकसंख्येचे साधे गणित आहे. युगांडातील तीन चतुर्थांशाहून अधिक लोक ३५ वर्षांखालील आहेत. म्हणजे बहुसंख्य जनतेने जन्मापासून मुसेवेनी यांच्याशिवाय दुसरा राष्ट्राध्यक्ष पाहिलेलाच नाही. या पिढीला जंगलातल्या युद्धाच्या गोष्टी ऐकवून नोकरी मिळत नाही. त्यातले कितीतरी तरुण भाड्याच्या मोटारसायकलवर प्रवासी वाहून पोट भरतात. त्यांना तिथे 'बोडाबोडा'वाले म्हणतात. बॉबी वाइन यांच्या सभांना सर्वात आधी येणारी माणसे हीच.

कायद्याच्या मार्गाने आलेली हुकूमशाही

मुसेवेनी यांना केवळ बंदुकीच्या बळावर टिकलेला हुकूमशहा म्हणणे अपुरे आहे. १९८१ ते १९८६ असे गनिमी युद्ध लढून त्यांनी सत्ता मिळवली, हे खरे. अमीन आणि ओबोटे यांच्या राजवटीत लाखो माणसे मारली गेली होती. त्या पार्श्वभूमीवर देशाच्या मोठ्या भागात शांतता आणणारा नेता म्हणून लोकांनी त्यांचे स्वागत केले. एड्सच्या साथीवर त्यांच्या सरकारने उघडपणे बोलून काम केले. १९९७ पासून प्राथमिक शिक्षण मोफत केले. अमीनने हाकललेल्या आशियाई कुटुंबांना परत बोलावून त्यांच्या मालमत्ता परत देण्याची प्रक्रिया त्यांच्याच काळात झाली. आफ्रिकेचा प्रश्न हा सत्तेला चिकटून बसणाऱ्या नेत्यांचा आहे, असे १९८६ साली तेच सांगत होते.

१९९५ साली देशाला नवे संविधान मिळाले. त्यात राष्ट्राध्यक्षाला पाच-पाच वर्षांचे दोनच कार्यकाळ होते. उमेदवाराचे वय ७५ पेक्षा जास्त नसावे, अशीही अट होती. पुढे काय झाले पाहा. २००५ मध्ये संसदेने कार्यकाळाची मर्यादा काढून टाकली. त्या वेळी अनेक खासदारांना प्रत्येकी ५० लाख शिलिंग दिल्याचे प्रकरण बरेच गाजले. २०१७ मध्ये वयाची अट काढण्याचे विधेयक आले. सप्टेंबरमध्ये संसदेत हाणामारी झाली, सुरक्षा कर्मचाऱ्यांनी सभागृहात घुसून विरोधी खासदारांना ओढत बाहेर काढले. त्यात नवखे खासदार बॉबी वाइनही होते. डिसेंबरमध्ये विधेयक मंजूर झाले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ अशा बहुमताने ते वैध ठरवले.

याआधीही असेच घडले होते. मुसेवेनी यांचे जुने प्रतिस्पर्धी डॉ. किझा बेसिग्ये यांनी २००१ आणि २००६ च्या निकालांना आव्हान दिले. निवडणुकीत गैरप्रकार झाल्याचे न्यायालयाने दोन्ही वेळा मान्य केले. पण निकाल बदलेल इतका त्यांचा परिणाम झाला नाही, असे निसटत्या बहुमताने ठरवून याचिका फेटाळल्या.

म्हणजे संसद आहे, न्यायालय आहे, निवडणूक आयोग आहे, दर पाच वर्षांनी मतदानही होते. संविधान रद्द केलेले नाही, ते रीतसर दुरुस्त केले आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी संवैधानिक नैतिकतेचा मुद्दा मांडला होता. संविधानाचे बाह्य रूप तसेच ठेवून केवळ राज्यकारभाराची पद्धत बदलली तरी त्याचा आत्मा मारता येतो, असा इशारा त्यांनी दिला होता. युगांडात कारभाराची पद्धतही बदलली आणि कलमेही बदलली. आणि हे सारे बहुमताच्या मोजणीने, शिक्क्यानिशी झाले. अशा ठिकाणी 'घटनाबाह्य काय घडले?' असे विचारले तर सरकारकडे उत्तर तयार असते.

सत्तेला गाण्याची भीती का वाटते?

गाण्याची ताकद मुसेवेनी यांना नीट कळते. २०११ च्या निवडणुकीआधी त्यांनी स्वतःच्या आवाजात एक रॅप गाणे काढले होते आणि ते तरुणांमध्ये गाजलेही. त्यामुळे विरोधात गाणारा माणूस उभा राहिला तेव्हा त्याला कमी लेखण्याची चूक सरकारने केली नाही.

पत्रक वाचायला अक्षरओळख लागते, सभेला परवानगी लागते. गाण्याला यातले काही लागत नाही. ते मोबाइलवरून मोबाइलवर जाते, टॅक्सीत वाजते, लग्नात वाजते. एकट्या माणसाला जे बोलायची भीती वाटते ते शंभर जणांच्या कोरसमध्ये सहज म्हणता येते. म्हणून सरकारने आधी गाण्याचे रस्ते बंद केले. बॉबी वाइन यांचे कार्यक्रम पोलीस एकामागून एक रद्द करत गेले. २०१९ च्या ईस्टरला बुसाबाला येथील त्यांच्याच जागेवरचा कार्यक्रम अडवून त्यांना अटक झाली. त्याच वर्षी कलावंतांवर नव्या अटी घालणाऱ्या नियमांचा मसुदा आला, आणि लाल बेरे टोपी लष्करी पोशाखात धरून नागरिकांना ती घालण्यास बंदी झाली. ही टोपी बॉबी वाइन यांच्या 'पीपल पॉवर' चळवळीची खूण होती. त्याआधी २०१८ मध्ये समाजमाध्यमे वापरण्यासाठी रोज २०० शिलिंगांचा कर लावला गेला होता.

दुसरीकडे जवळची माणसे फोडण्याचे काम चालू होते. २०१९ मध्ये काही लोकप्रिय कलावंतांना राष्ट्राध्यक्षांचे दूत आणि सल्लागार नेमण्यात आले. त्यात 'फायरबेस'मधील बॉबी वाइन यांचा जुना साथीदार बुचामनही होता. वस्तीतल्याच माणसाला पद आणि गाडी देऊन वस्तीसमोर उभे करायचे, ही युक्ती कोणत्या देशात चालत नाही? वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना ती दर निवडणुकीत दिसते.

दडपशाहीची सहा-सात वर्षे

ऑगस्ट २०१८ मध्ये आरुआ येथील पोटनिवडणुकीच्या प्रचारात बॉबी वाइन यांच्या गाडीचालकाला गोळी घालून मारण्यात आले. बॉबी वाइन यांना अटक झाली, कोठडीत बेदम मारहाण झाली. नागरिक असूनही त्यांना लष्करी न्यायालयासमोर उभे केले आणि नंतर देशद्रोहाचा आरोप ठेवला. जामिनावर सुटल्यावर उपचारांसाठी त्यांना अमेरिकेला जावे लागले.

नोव्हेंबर २०२० मध्ये कोविडचे नियम मोडल्याच्या आरोपाखाली प्रचारातूनच त्यांना उचलले. त्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत किमान ५४ माणसे मारली गेली. जानेवारी २०२१ च्या मतदानाच्या पूर्वसंध्येला इंटरनेट बंद झाले. मतदानानंतर त्यांच्या घराला लष्कराने वेढा घातला. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतरच तो उठला. निकालात मुसेवेनी यांना ५८ टक्के आणि बॉबी वाइन यांना ३५ टक्के मते दाखवली गेली. त्यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली, पण न्याय मिळण्याचा भरवसा नाही म्हणून तीन आठवड्यांत मागे घेतली.

त्यानंतरचा काळ अधिक कठीण आहे. मुसेवेनी यांचे पुत्र जनरल मुहूझी कैनेरुगाबा मार्च २०२४ मध्ये सरसेनापती झाले. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी समाजमाध्यमावर बॉबी वाइन यांचा शिरच्छेद करण्याची भाषा केली. एप्रिल २०२५ मध्ये बॉबी वाइन यांचा अंगरक्षक बेपत्ता झाला, तेव्हा तो आपल्या तळघरात असल्याचे याच सरसेनापतींनी जाहीरपणे लिहिले. डॉ. बेसिग्ये यांना नोव्हेंबर २०२४ मध्ये शेजारच्या केनियातील नैरोबीतून पळवून आणून लष्करी न्यायालयासमोर उभे केले गेले. नागरिकांवर लष्करी न्यायालयात खटले चालवणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. काही महिन्यांतच संसदेने कायदा दुरुस्त करून ते पुन्हा शक्य केले. न्यायालयाने कधी नव्हे ते ठाम पाऊल उचलले, तर संसदेनेच ते मागे ओढले.

मग लोक असूनही विजय का नाही?

निवडणूक चोरली गेली, हे बॉबी वाइन यांच्या पक्षाचे उत्तर आहे. ज्या देशात मतदानाच्या वेळी इंटरनेट बंद होते आणि उमेदवाराच्या घराला सैन्य वेढते, तिथे अधिकृत आकड्यांवर कोणी डोळे झाकून विश्वास ठेवू नये. तरीही विश्लेषण तिथेच थांबवले तर पुढच्या वेळीही आपण तेच वाक्य लिहू.

पहिली गोष्ट म्हणजे या पाठिंब्याचा भूगोल. २०२१ मध्ये बॉबी वाइन यांच्या 'नॅशनल युनिटी प्लॅटफॉर्म' या पक्षाला ५७ जागा मिळाल्या आणि तो संसदेतील सर्वात मोठा विरोधी पक्ष झाला. पण त्यातल्या बहुतेक जागा मध्य भागातल्या, म्हणजे बुगांडा प्रदेशातल्या होत्या. बॉबी वाइन स्वतः बुगांडाचे आहेत, लुगांडात गातात. जे गाणे कंपालात घराघरात वाजते ते उत्तरेकडच्या अचोली किंवा पश्चिमेकडच्या बन्यांकोले शेतकऱ्याला तेवढे आपले वाटेलच असे नाही. ज्या भाषेने चळवळ जन्माला घातली तीच तिची सीमाही होऊ शकते.

दुसरी गोष्ट भीतीची. तरुणांची भीती गाण्याने मोडली, पण साठीच्या माणसाची भीती वेगळी आहे. त्याने १९८६ पूर्वीची प्रेते पाहिली आहेत. बदल म्हणजे पुन्हा युद्ध, असे त्याला वाटते आणि सरकार त्याला ते रोज आठवून देते.

तिसरी गोष्ट बाहेरच्या जगाची. सोमालियातील मोहिमेत युगांडाचे सैन्य आहे. आफ्रिकेत सर्वाधिक निर्वासितांना आसरा देणारा देशही युगांडाच आहे. तेलाच्या साठ्यांत फ्रान्स आणि चीनच्या कंपन्यांचा पैसा गुंतला आहे. त्यामुळे पाश्चात्त्य सरकारे चिंता व्यक्त करतात आणि व्यवहार चालू ठेवतात. भारताचेही तसेच. जुलै २०१८ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी युगांडाच्या संसदेत भाषण केले, आणि पुढच्याच महिन्यात आरुआची घटना घडली. व्यापारात पुढे असलेला तिथला भारतीय वंशाचा समाज १९७२ च्या आठवणीमुळे स्थिर राजवटीच्या बाजूने झुकतो. त्याची भीती समजण्यासारखी आहे. मात्र आपली सुरक्षितता एका माणसाच्या मर्जीवर सोपवणे किती धोक्याचे असते, हेसुद्धा १९७२ नेच शिकवले आहे.

चळवळीचे स्वतःचे प्रश्न

बॉबी वाइन यांना देव्हाऱ्यात बसवणे हा त्यांच्यावरच अन्याय ठरेल. समलिंगी व्यक्तींविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्या गीतांमुळे २०१४ मध्ये ब्रिटनने त्यांचा व्हिसा रद्द केला होता. पुढे त्यांनी सहिष्णुतेची भाषा केली, पण त्यांच्याच देशात २०२३ साली समलिंगींविरुद्ध अत्यंत कठोर कायदा झाला, हे विसरता येत नाही. ज्याला वस्तीचे दुःख दिसते त्याला प्रत्येक दुबळ्याचे दुःख आपोआप दिसते, असे नसते.

पक्षातही भेगा पडल्या. संसदेतील विरोधी पक्षनेते राहिलेले मथायस म्पूगा यांना ५० कोटी शिलिंगांचा 'सेवा गौरव' मिळाल्याचे २०२४ मध्ये उघड झाले. पक्षाने त्यांच्याकडे संसदीय आयोगाच्या पदाचा राजीनामा मागितला, त्यांनी तो दिला नाही, आणि पुढे वेगळा पक्ष काढला. भ्रष्टाचाराविरुद्ध उभ्या राहिलेल्या पक्षासाठी हा मोठा धक्का होता. असा वाद उभा राहिला की पक्षात नियम चालतो की नेत्याचा शब्द, हे कळते. गायकाच्या भोवती जमलेल्या पक्षाला हा प्रश्न अधिक टोचतो, कारण सभेला येणारे लोक जाहीरनाम्यासाठी येत नाहीत, त्याच्यासाठी येतात. उद्या तो तुरुंगात गेला, परदेशी गेला किंवा गप्प बसला, तर काय उरते?

आपण यातून काय घ्यायचे?

महाराष्ट्रात आंबेडकरी जलशांनी हे काम १९३० च्या दशकापासून केले. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे जलसे, पुढे वामनदादा कर्डकांची गाणी, यांनी बाबासाहेबांचा विचार अक्षरओळख नसलेल्या घरापर्यंत नेला. १९९७ मध्ये रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. गाणाऱ्या माणसाला समाजाचे दुःख किती खोल लागते, हे त्या दिवशी महाराष्ट्राने पाहिले. म्हणून बॉबी वाइन यांचे सामर्थ्य आपल्याला समजावून सांगावे लागत नाही.

पण आपल्याकडच्या जलशाच्या मागे आणखी काही उभे होते. वृत्तपत्र होते, वसतिगृहे होती, महाविद्यालय होते, पक्ष होता, परिषदा होत्या. गाण्याने जागा झालेला माणूस दुसऱ्या दिवशी कुठे जाणार, याची सोय बाबासाहेबांनी केली होती. ही बांधणी जिथे ढिली पडली तिथे आपल्याकडेही गाणी उरली आणि चळवळ पातळ झाली. जयंतीला डीजेसमोर हजारो तरुण जमतात, पण वस्तीतल्या शाळेच्या समितीवर किंवा वॉर्डाच्या सभेत त्यातले किती दिसतात?

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी दोन गोष्टी एकत्र सांगितल्या होत्या. नेता कितीही थोर असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नये, कारण राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. आणि संसदीय कामकाजाची रीत भारताला नवी नाही, भिक्खू संघात ती पाळली जात होती. मुसेवेनी यांना मुक्तिदाता मानून युगांडाने पहिली चूक केली. बॉबी वाइन यांना दुसरा मुक्तिदाता मानले तर तीच चूक पुन्हा होईल.

तथागतांनी महापरिनिर्वाणापूर्वी आपला वारस नेमला नाही. धम्म आणि विनय हेच आपल्यामागे शास्ते असतील, असे त्यांनी भिक्खूंना सांगितले. मुलाला सरसेनापती करणाऱ्या राज्यकर्त्याच्या शेजारी ही गोष्ट ठेवून पाहावी. युगांडात एंटेबीजवळ एक बौद्ध विहारही आहे. २००५ साली तो उभारणारे भन्ते बुद्धरक्खित हे युगांडाचेच सुपुत्र आहेत, आणि भारतात शिकायला आले असताना त्यांची धम्माशी ओळख झाली. म्हणजे व्यक्तीपेक्षा नियम मोठा मानणारी ही परंपरा त्या मातीतही रुजते आहे, भले अजून लहान प्रमाणात.

मुसेवेनी आणखी पाच वर्षे राज्य करतील की मुलाच्या हाती देतील, हे येत्या काळात दिसेल. बॉबी वाइन पुन्हा उभे राहतील की नाही, त्यापेक्षा महत्त्वाचे हे आहे की त्यांच्या पक्षाच्या शाखा अचोलीच्या गावात पोहोचतात का, त्यांचे कार्यकर्ते मतदान केंद्रावरचा निकालाचा कागद जपून ठेवायला शिकतात का, आणि पक्षातला वाद नेत्याच्या शब्दाऐवजी नियमाने मिटतो का. कंपालाच्या बोडाबोडावाल्या तरुणाने भीती सोडली आहे, ही मिळकत कोणताही निकाल काढून घेऊ शकत नाही. पण त्या तरुणाला उद्यासाठी काम देणारी संघटना उभी राहिली नाही, तर त्याच्या हातात फक्त गाणेच उरेल. ही कसोटी त्यांची आहे तितकीच आपलीही आहे.